बल्ब गेलाय? मंत्रालयात जा

समजा, तुमच्या गावात मारुतीच्या देवळासमोरच्या खांबावरचा बल्ब गेला. तुम्ही काय कराल? कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब आणाल, एखाद्या पोराला शिडीवर चढवाल आणि मोकळे व्हाल. हीच ती चूक. असल्या आगाऊपणामुळेच राज्याचा कारभार खिळखिळा होतो.

रीत अशी आहे. आधी आमदारसाहेबांना खांबाचा फोटो पाठवा. (बल्ब गेल्यामुळे फोटोत नुसता काळोख येईल. येऊ द्या.) मग पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात गर्दीत घुसून निवेदन द्या, निवेदन देतानाचा फोटो मात्र उजेडात काढा. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, आणि वर्ष-दीड वर्षात नारळ फुटतो. मागितला होता बल्ब, मिळाला हायमास्ट! खाली दात्याच्या नावाची पाटी, पाटीवर हार. बिल मात्र ग्रामपंचायतीने भरायचे. ते थकले, वीज तोडली, की पुन्हा निवेदन द्यायला तुम्ही मोकळे.

युरोपातल्या लोकांना हे जमत नाही. जे काम खालच्या पातळीवर होते ते वरच्याने ओढून घेऊ नये, असे एक खूळ त्यांनी १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात लिहून ठेवले आणि त्याला सब्सिडिअ‍ॅरिटी म्हणतात. आपल्याकडे हा शब्द चुकूनही उच्चारू नका. लोक सबसिडी समजून सातबारा घेऊन रांगेत उभे राहतील.

त्याच वर्षी आपल्या संसदेनेही ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आहे, त्यात ग्रामीण विद्युतीकरणसुद्धा आहे. घाबरू नका. हे अधिकार राज्य सरकारला 'देता येतील', एवढेच घटना म्हणते. 'दिलेच पाहिजेत' असे नाही. या 'येतील'वर तीस वर्षांहून जास्त काळ निघाला आहे.

ग्रामसभेला अवश्य जा, पण वेळेवर नको. १५ ऑगस्टला झेंडावंदन होते, पोरांना खाऊ वाटतात, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पडते. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तितके लोक लागतात. चौदा जण असतात, त्यातले चार खाऊसाठी थांबलेले. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, त्यामुळे गाव कायद्याने गैरहजर राहू शकते. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार येतो, पेन सुतळीने रजिस्टरलाच बांधलेले. सही करा. वरती काय लिहिले आहे ते विचारू नका. बहुधा अजून लिहायचे असते.

पैशांचे म्हणाल तर गावाला पूर्ण स्वातंत्र्य आहे. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते. उरलेल्या चाळिसाचा आराखडा गावानेच करायचा आणि पोर्टलवर चढवायचा. तो चढला की पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांचे डिजिटल सहीचे डोंगल लागतात. ग्रामसेवकाचे डोंगल बॅगेत, बॅग मोटारसायकलवर, मोटारसायकल तालुक्याला मीटिंगमध्ये. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले. मोटारसायकल तीच आहे.

आणि सरपंच? तो थेट निवडायचा की सदस्यांतून, हेही गावावर सोडलेले नाही. २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. मुंबईत सरकार बदलले की गावाने आपली पद्धत बदलायची.

मुंबईकरांनी हसू नये. त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणून आयुक्त स्वतःच अर्थसंकल्प मांडायचे, स्वतःच मंजूर करायचे. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींच्या वरचा होता. एकमताने मंजूर होणे यालाच म्हणतात.

एका गावापासून मात्र सावध राहा. गडचिरोलीतले मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे ते उघड म्हणतात, निर्णय सर्वसहमतीने घेतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. गावाचा अधिकार गावाला द्यायला दिल्लीहून मंत्री यावा लागला, एवढ्यावर आपण समाधान मानू.

आमच्या देवळासमोरचा बल्ब परवा रात्री कुणीतरी गुपचूप बदलला. कुणाच्या परवानगीने, कुठल्या लेखाशीर्षाखाली, काही पत्ता नाही. पुढच्या मासिक सभेत विषय घेतलाय.