‘नॉमिनी आहे ना, मग वकील कशाला?’

घरातलं माणूस गेल्यावर काय करायचं हे सांगणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. वकील-सीएच्या दारात जाऊ नका, ते लुटतात. नॉमिनी असेल तर सगळं त्याचंच होतं. नसेल तर पाचशेच्या स्टँपपेपरवर सगळ्यांच्या सह्या घ्या, नोटरी करा, झालं. लग्न झालेल्या बहिणींना विचारायची गरज नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं की विषय संपला.

यातलं बरंचसं आमच्या घराने करून पाहिलंय, म्हणून लिहितेय.

‘नॉमिनी म्हणजे मालक.’ नाही. बहुतेक ठिकाणी नॉमिनी हा पैसे किंवा वस्तू ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांची. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ पासून एक अपवाद आहे : आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर लाभाचा हक्क त्यांना मिळतो. आणि सोसायटीतल्या फ्लॅटबाबत आपल्या राज्याचा सहकार कायदाच म्हणतो, की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद.

माझे काका ४६व्या वर्षी गेले. मृत्युपत्र नव्हतं. डोंबिवलीचा फ्लॅट त्यांच्या नावावर, नॉमिनी काकू. सोसायटीने भाग-दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, काकूंचं नाव घातलं आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. आजी तेव्हा त्याच घरात राहत होती. हिंदू वारसा कायद्यात मुलगा मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याची आईसुद्धा बायको-मुलांच्या बरोबरीची वारस असते, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे काकू, दोन मुलं आणि आजी, असे चार समान हिस्से. सहा वर्षांनी आजी गेली. तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे आला, म्हणजे माझे बाबा आणि दोन्ही आत्या त्या फ्लॅटचे हिस्सेदार झाले. गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या लेकरांना.

हे कळलं केव्हा? काकू फ्लॅट विकायला निघाल्या तेव्हा. गिऱ्हाईकाच्या बँकेच्या वकिलाने वारसांची यादी मागितली. काकूंनी मोठ्या जपणुकीने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला : पाचशेचा स्टँप, नोटरीचा लाल शिक्का, दोन्ही मुलांनी हक्क सोडल्याच्या सह्या. वकिलाने तो वाचून बाजूला ठेवला. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, नोटरी चालत नाही. शिवाय सही केली तेव्हा धाकटा पंधरा वर्षांचा होता, त्या सहीला अर्थच नव्हता. आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा स्थावरातला हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही.

घरात भांडण अजिबात नव्हतं. सगळे सही द्यायला तयार होते. पण थोरली आत्या लकव्याने अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी निबंधक कार्यालयातून गृहभेट मागवावी लागली. तोवर गिऱ्हाईक गेलं. काका गेले त्याच महिन्यात एखाद्या जाणत्या वकिलासमोर तासभर बसलो असतो, तर आजीने हयातीतच रीतसर हक्कसोडपत्र केलं असतं. ती आनंदाने करणारी बाई होती.

‘बहिणींच्या सह्या नकोत.’ हे तर संतापजनक आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा समान वाटा १९५६ पासून आहे, वडिलोपार्जितात २००५ च्या दुरुस्तीने आला. लग्नाचा काही संबंध नाही.

सातबाऱ्याचं थोडक्यात : फेरफार, म्हणजे नाव चढवणं, ही महसुली नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. पण नोंद जरूर करा, आणि तिला वकील लागत नाही. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी.

म्हणजे मेसेजमध्ये खरं काहीच नाही का? आहे. पुष्कळ कामं आपली आपण होतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला तरी, वाद नसेल तर, व्यापारी बँकेत किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा वारसा प्रमाणपत्राशिवाय सोप्या पद्धतीने निकाली निघायला हवा. पासबुक मात्र ओळ न् ओळ वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा आहे, २ लाखांचा. नोकरीत असताना माणूस गेला असेल, तर पीएफसोबतच्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. हे मागितल्याशिवाय कुणी घरी आणून देत नाही.

पण मृत्युपत्र असेल, अज्ञान वारस असेल, कुणी परदेशात असेल, किंवा एकही सही अडत असेल, तर सल्ला आधी घ्या, सही नंतर. सगळं काम वकिलाला द्यायची गरज नाही, कागद तपासून घेतले तरी पुष्कळ.

लुटणारे असतात, मान्य. त्यावर उपाय आहे : फी कामावर ठरवा आणि लिहून घ्या. ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ म्हणणाऱ्याकडून उठून या. वकिलांना अशी टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे.

आणि पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. काकूंना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुमच्या ओळखीत नुकतंच कुंकू पुसलेली कुणी असेल तर तिला सांगा, आणि जमलं तर पहिल्या दिवशी सोबत जा.