मागून आलेल्याला ग्रँट मिळाली म्हणून तुमची फाइल अडकलेली नसते

ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) १८९ किंवा १९० क्रमांकाच्या कुशल-व्यावसायिक व्हिसाची फाइल टाकून बसलेल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो. मजकूर साधारण असा: फाइली तारखेप्रमाणे उघडतात, तुमच्यानंतर टाकलेल्याला ग्रँट (व्हिसाची मंजुरी) आली तर समजा तुमची अडकली, वर्ष उलटलं असेल तर मागे घ्या आणि नवी टाका, नव्या पटकन निघतात, तोवर नोकरी बदलली किंवा घरी पाळणा हलला तरी कळवू नका, नाहीतर फाइल तळाला जाते, आणि चांगला एजंट असेल तर तो आतून हलवून देतो.

तारखेचं आधी बघू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तिथल्या १९५८ च्या स्थलांतर कायद्याचं कलम ५१ म्हणतं की अर्ज कोणत्या क्रमाने निकाली काढायचे हे मंत्र्यांनी ठरवायचं. आणि पुढे हेही म्हणतं की नंतरचा अर्ज आधी निकाली निघाला, एवढ्यावरून आधीच्या अर्जाला अवाजवी उशीर झाला असं होत नाही. ग्रुपवरची सगळ्यात लाडकी तक्रार कायद्याने आधीच मोडीत काढून ठेवली आहे! क्रम ठरतो तो मंत्र्यांच्या निर्देशांनी. ऑक्टोबर २०२२ च्या १०० क्रमांकाच्या निर्देशाने आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांतले व्यवसाय पुढे काढले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची जागा १०५ क्रमांकाने घेतली, तरी ही मंडळी वरच राहिली. तेव्हा हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्याने मार्चमध्ये फाइल टाकली, नर्सने जूनमध्ये टाकली आणि नर्सची आधी निघाली, तर त्यात घोळ काहीच नाही. ठरलंय तसंच चाललंय.

त्यात जागांचं गणित. तिथलं वर्ष १ जुलै ते ३० जून. १८९ ला २०२३-२४ मध्ये ३०,३७५ जागा होत्या, २०२४-२५ मध्ये १६,९००. शिवाय जागा डोक्यांप्रमाणे मोजतात, फाइलींप्रमाणे नाही. नवरा-बायको आणि दोन मुलं म्हणजे चार जागा संपल्या. तिथल्या गृह विभागाच्या साइटवर फाइल निघायला लागणारे जे महिने दिसतात ते नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांवरून काढलेले असतात. जे अजून पडून आहेत ते त्या हिशेबात येतच नाहीत. आणि आपण मात्र रोज सकाळी तो आकडा राशिभविष्यासारखा उघडून बघतो.

आता ‘मागे घ्या आणि नवी टाका’. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, माणसाला बुडवणारा आहे. नवी फाइल अशी उठून टाकता येत नाही. पुन्हा ईओआय (‘मला यायचंय’ अशी नोंद), पुन्हा इन्व्हाइटची, म्हणजे अर्ज करायच्या आमंत्रणाची, वाट, आणि ते आलं तर ६० दिवसांत अर्ज. इन्व्हाइट येईलच याची हमी कोण देणार? वय आणि पॉइंट (वय, शिक्षण, अनुभव वगैरेंचे गुण) इन्व्हाइटच्या दिवशी मोजतात. २५ ते ३२ या वयाला ३० पॉइंट, ३३ लागलं की २५, चाळिशीत शिरलात की १५, आणि ४५ पूर्ण झाली की दारच बंद. जुन्या फाइलमध्ये तुमचं वय गोठलेलं आहे. ती मागे घेतलीत की घड्याळ पुन्हा सुरू. एका अर्जाचे साडेचार हजार डॉलरहून जास्त भरलेले असतात, तेही सहसा परत मिळत नाहीत. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचं यात काय जातं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

‘कळवू नका’ हेही तसलंच. परिस्थिती बदलली तर कळवलंच पाहिजे, असं कलम १०४ सांगतं. लपवलेलं पुढे उघडकीला आलं तर मिळालेला व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. बरं, लपवून मिळतं काय? पॉइंट इन्व्हाइटच्या दिवशीचे, त्यामुळे नंतर नोकरी बदलली तर ते कमी होत नाहीत. अर्ज पडून असताना बाळ झालं तर नियमाप्रमाणे ते त्याच अर्जात धरलं जातं, फक्त कळवायचं. हो, गरोदरपणात छातीचा एक्स-रे पुढे ढकलला तर मेडिकल अपुरं राहतं आणि सगळ्या घराची फाइल थांबते. पण ती एक्स-रेसाठी थांबते, तुम्ही कळवलंत म्हणून नाही.

आणि आपल्याकडच्या फाइलींत एक हमखास जागा आहे, जिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही: नावं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, अनुभवाच्या पत्रावर मधलं नावच गायब. फॉर्म ८० मध्ये (अर्जदाराची सगळी वैयक्तिक माहिती विचारणारा फॉर्म) ‘इतर नावं’ असा रकाना असतो. तो कोरा सोडून खाली माहेरच्या नावाची डिग्री जोडली की केस ऑफिसरने विचारायलाच हवं. सगळी नावं लिहा आणि लग्नाचा दाखला, गॅझेट, जे असेल ते आधीच जोडा. पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) आणि मेडिकल साधारण वर्षभर चालतात. जुनी झाली तर पुन्हा मागतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

राहता राहिला आतून हलवणारा एजंट. असा नसतो. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन हा सल्ला द्यायला, वकील सोडले तर, नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटला निकालाची हमी देता येत नाही. भारतात बसलेल्यावर नोंदणीची सक्ती नाही, म्हणून इथे वाटेल ते बोलायला मोकळीक. कोणी ‘दोन महिन्यांत काढून देतो’ म्हणाला तर त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक मागा आणि ओमाराच्या (एजंटांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाच्या) सार्वजनिक यादीत टाकून बघा. यादी फुकट बघता येते.