संत तेरेजाची समाधी म्हणजे उपासमारीची गुंगी? तिचेच लिखाण काय सांगते

आविलाच्या संत तेरेजाबद्दल फिरणारा मजकूर साधारण असा: ‘उपास करकरून तिला भास व्हायचे, वर फेफरे, चर्चने त्यालाच साक्षात्कार म्हटले. जगाला भिऊन ती मठात दडली आणि धर्मगुरूंनी सांगितले तेच लिहीत गेली.’ सोबत इटालियन शिल्पकार बर्निनीने घडवलेल्या, समाधीतल्या तेरेजाच्या संगमरवरी शिल्पाचा फोटो. (ही १५१५ साली स्पेनमध्ये जन्मलेली, कार्मेलाइट या संन्यासी संघाची सिस्टर; कोलकात्याच्या मदर तेरेसा निराळ्या.)

‘उपासाने भास.’ हा धोका तेरेजाने स्वतःच लिहून ठेवला आहे, उताऱ्यासकट. मठस्थापनांच्या तिच्या वृत्तांतातले सहावे प्रकरण काढा. दुसऱ्या संघाची एक सिस्टर उपास आणि देहदंडाने इतकी खंगली होती, की कम्युनियन (मिस्सा या उपासनेत मिळणारा परमप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचा देह मानलेली भाकर) घेतले की जमिनीवर कोसळायची आणि आठ-नऊ तास तशीच पडून राहायची. लोकांना वाटले, समाधी. तेरेजाने त्या सिस्टरच्या कन्फेसरला (पापनिवेदन ऐकून मार्गदर्शन करणाऱ्या धर्मगुरूला) सांगितले: उपास बंद, देहदंड बंद, मन दुसरीकडे गुंतवा. अंगात ताकद आली आणि ‘समाधी’ गेली. ‘आंतरिक किल्ला’ या तिच्या पुस्तकात आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला; त्यातल्या चौथ्या दालनात हाच सल्ला सर्वांसाठी येतो: नीट जेवण, पुरेशी झोप, देहदंडाला आणि प्रार्थनेच्या तासांना कात्री. कारणही ती देते. अशक्त शरीर आतल्या थोड्याशा शांततेनेही सैल पडते, ते सुखाचे वाटते, म्हणून सिस्टर स्वतःला सावरत नाही आणि गुंगीलाच कृपा समजते. खरी समाधी फार वेळ टिकत नाही, असे ती बजावते.

तिची प्रार्थनेची रीत बागेला पाणी देण्याच्या चार पद्धतींत मांडलेली आहे: विहिरीतून हाताने शेंदणे, रहाट, पाट आणि पाऊस. माणसाच्या हातात शेंदणे, पाऊस देवाचा. विहीर कोरडी लागली तरी आपले काम सोडायचे नाही.

‘फेफरे.’ आजारपण खरे आहे. १५३९ साली ती सुमारे चार दिवस बेशुद्ध होती, मठात तिला पुरायला खड्डा खणून तयार होता. पुढे जवळजवळ तीन वर्षे हातपाय नीट चालत नव्हते. पण ज्या दर्शनांसाठी ती ओळखली जाते ती बहुतेक चाळिशीनंतरची. त्या दीड-दोन दशकांच्या अंतराबद्दल मजकूर गप्प आहे.

बर्निनीचे शिल्प तिच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी घडले. त्यात दिसणारा, देवदूत तिच्या हृदयात भाला खुपसतो तो प्रसंग तिनेच लिहिला आहे, खरे. पण आत्मचरित्रातला तो एक छोटा उतारा. किल्ल्याच्या सातव्या, शेवटच्या दालनात समाधी जवळजवळ थांबते आणि उरते काम, असे तिचे म्हणणे.

‘जगाला भिऊन दडली.’ १५६२ ते १५८२ या काळात १७ मठ, बहुतेकांसाठी खेचरांच्या गाड्यांतून प्रवास. पहिल्याच मठाविरुद्ध आविलाच्या नगरपरिषदेने दावा लावला, कारण ठरावीक उत्पन्नाशिवायच्या मठाचा भार गावावर पडेल. ऑगस्ट १५६७ मध्ये मेदिना देल काम्पोला सिस्टर मध्यरात्री पोचल्या. बैल कोंडायला नेत होते, त्यांच्यातून वाट काढत पायी गेल्या. अंधारात वेदी मांडली, पहाटे मिस्सा झाली. उजाडल्यावर तेरेजाने पाहिले तर अंगणाच्या भिंती जागोजागी जमीनदोस्त, परमप्रसाद जवळजवळ रस्त्यावर! मग रात्री राखणीला माणसे ठेवली आणि झोपायचे सोडून स्वतः खिडकीतून पहारा देत राहिली.

‘धर्मगुरूंनी सांगितले तेच.’ एका कन्फेसरच्या आज्ञेने तिला दर्शनाला मूठ वळून बोटांमधून अंगठा काढत तुच्छतेची खूण करावी लागली. तिने आज्ञा पाळली आणि दर्शनावरचा विश्वासही सोडला नाही. आत्मचरित्राचे हस्तलिखित इन्क्विझिशनने (पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने) १५७५ मध्ये तपासायला नेले. प्रार्थनामार्गावरच्या पुस्तकात स्त्रियांची बाजू घेणारा उतारा तिच्या पहिल्या प्रतीत खोडलेला आहे. पोपचे राजदूत सेगा तिला अस्वस्थ, भटकी, आज्ञा मोडणारी, हट्टी बाई म्हणाले. धर्मगुरूंच्या कळसूत्री बाहुलीबद्दल असे कोणी बोलत नाही. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी तिला चर्चची आचार्य (जिची शिकवण सगळ्या चर्चसाठी मोलाची मानली जाते अशी संत) घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिच्या बाजूने भांडणाऱ्यांनीही एक जपावे. ‘आता ख्रिस्ताला तुमच्याशिवाय देह नाही, हात नाहीत’ हे वाक्य तिच्या नावावर खपते. तिच्या लिखाणात ते कुठेही नाही.