टाकीलाही वारसा म्हणावे

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, शोशोन गावाजवळच्या सिल्वा रँचवर, पाण्याच्या टाकीसाठी बांधलेली एक दगडी इमारत आहे. १९८३ साली तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिची नोंद झाली आणि तिच्या जोडीने त्या भागातली लाव्हाच्या दगडांची घरे, कोठारे व टाक्याही यादीत आल्या. गुरांच्या रानातली टाकी कसली जपायची, असे कुणीही विचारील. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

स्नेक नदीच्या त्या पठारावर वर्षाकाठी जेमतेम दहा इंच पाऊस पडतो आणि भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, पाणी इतके झिरपते की बिग लॉस्ट नावाची अख्खी नदी तिथे जमिनीत गडप होते. ओलिताच्या अटीवर ओसाड सरकारी जमीन देऊ करणारा केरी कायदा १८९४ मध्ये झाला, पुढे धरणे आणि कालवेही झाले. पण हिवाळ्यात कालवे बंद होत, त्यामुळे घरच्या माणसांसाठी आणि दावणीच्या जनावरांसाठी पाण्याची साठवण स्वतःलाच करावी लागे. उंचावरच्या टाकीतले पाणी आपल्या भाराने खाली उतरते आणि जाड दगडी भिंती कडाक्याच्या थंडीत त्याला गोठण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतात. लाकूड रेल्वेने लांबून आणायचे, दगड मात्र नांगराला अडतो म्हणून तसाही उचलून बाजूला टाकायचाच. तेव्हा बांधकामाला तोच वापरला गेला, यात नवल नाही.

तो दगड आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि तिकडच्या लाव्हाचे काही प्रवाह अवघ्या दोन हजार वर्षांपूर्वीचे.

आपल्याकडे गड आणि देवळांपुढे पाण्याची बांधकामे मागे पडतात, ही माझी तक्रार आहे. कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यात पाणी आणणारी पेशवेकालीन व्यवस्था निव्वळ उताराच्या बळावर चालत असे, तरी शनिवारवाडा पाहायला येणाऱ्यांपैकी किती जण तिचे हौद शोधत जातात? आयडाहोत त्या परिसरातल्या इग्नासिओ बेरिओचोआ या बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांपैकी) गवंड्याचे नाव नोंदीत राहिले आणि डीट्रिकजवळचे त्याचे स्वतःचे शेतही त्याच राष्ट्रीय यादीत आहे. आपल्या गावातल्या हौदाचे दगड कोणत्या पाथरवटाने घडवले, हे सांगणारा एखादा म्हातारा अजून असेल, तर त्याला या उन्हाळ्यातच गाठायला हवे.