मांडव की फ्लॅट?

भाच्याने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "मामा, नवीन एक्सपान्शन घेऊ का? मुलं म्हणतात वर्षभरात जुनं होतं." एक्सपान्शन म्हणजे आधीच्या व्हिडिओ गेमला पैसे देऊन जोडायचा नवा भाग. पैसे माझ्या खात्यातून जाणार होते, त्यामुळे प्रश्न गांभीर्याने घेणं भाग होतं.

जुनं होणं म्हणजे नक्की काय, इथेच घोळ आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं पहिलं एक्सपान्शन, द बर्निंग क्रूसेड, जानेवारी 2007 मध्ये आलं आणि खेळाडूला गाठता येणाऱ्या लेव्हलची मर्यादा 60 वरून 70 झाली. चाळीस-चाळीस जणांनी रात्री जागून, महिनोन्‌महिने रेड (सगळ्यांनी मिळून बलाढ्य शत्रूवर चढाई) करून मिळवलेली बरीचशी शस्त्रं-चिलखतं नव्या भागातल्या किरकोळ क्वेस्टमध्ये (छोट्या कामगिरीत) मिळणाऱ्या मालापुढे फिकी पडली. 2010 च्या कॅटक्लिझम या एक्सपान्शनने तर मूळ जगच उलथंपालथं केलं. आणि गंमत बघा, 2019 मध्ये तेच जुनं जग 'क्लासिक' म्हणून परत आलं, तेव्हा आत शिरायला तासन्‌तास रांगा!

म्हणजे शस्त्र जुनं झालं म्हणून पैसे बुडाले, हे मला पटत नाही. त्या चाळीस जणांच्या रात्री तर झाल्याच ना? गणपतीचा मांडव उतरला म्हणून कोणी वर्गणी परत मागत नाही. फक्त ते दहा दिवस मांडवात जायला हवं, नाहीतर वर्गणी कशाची? सेल लागला म्हणून "दिवाळीत निवांत खेळू" असं म्हणत घेतलेले चार एक्सपान्शन पॅक स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यावर पडून आहेत. कोणत्या दिवाळीत, ते ठरलेलं नाही.

खरा राग दुसऱ्या प्रकाराचा येतो. डेस्टिनी 2 या ऑनलाइन गेममध्ये नोव्हेंबर 2020 ला बियाँड लाइट हे एक्सपान्शन आलं आणि कर्स ऑफ ओसायरिस, वॉरमाइंड ही आधी पैसे घेऊन विकलेली एक्सपान्शन्स गेममधून काढली गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये फोर्सेकन या एक्सपान्शनची कथाही गेली. गेम फार फुगलाय, सांभाळणं अवघड, असं कारण दिलं गेलं. कारण खरंही असेल. नंतर विकलेली एक्सपान्शन्स गेममधून काढून टाकणं थांबवलं, हेही मान्य. पण वर्गणी म्हणून मागितली असती तर गोष्ट वेगळी. इथे फ्लॅट म्हणून विकला आणि मग मांडवासारखा उतरवला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे: डिजिटल गेम विकताना, तुम्ही विकत घेताय ते फक्त लायसन्स (वापरायचा परवाना, मालकी नव्हे) आहे, हे दुकानाने स्पष्ट सांगायचं. आपल्याकडेही असं काही यावं.

याउलट एज ऑफ एम्पायर्स 2. मूळ गेम 1999 चा. 2022 मध्ये त्यात डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे एक्सपान्शन आलं आणि आधीच्या सरसकट 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार वेगळे गट मिळाले. रविवारी दुपारी कॉम्प्युटरविरुद्ध अजून खेळतो, नेट गेलं तरी अडत नाही. (अजूनही हरतो, तो भाग वेगळा.) अशा गोष्टीला मी डोळे झाकून पैसे देतो.

भाच्याला एवढंच विचारलं, "तुझ्या ग्रुपमधले किती जण खेळणार आहेत?"

बराच वेळ टायपिंग... टायपिंग... मग उत्तर आलं, "दोघं. पण ते आता दुसऱ्याच गेमवर, व्हॅलोरंटवर गेलेत."

"मग नको."

"बरं. मग व्हॅलोरंटमध्ये बंदुकीला नवं रूप देणारी एक स्किन घेऊ?"

त्यावर मी थेट ताईलाच फोन लावला.