टेप गुंडाळली, सिलिकॉन भरलं, तरी पेटीत पाणी कसं?

वळीव सुरू झाला की दरवर्षी एक मेसेज आमच्या पलूस-तासगावकडच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर आला, गणेश मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि परवा माझ्या मावशीनंही मला पाठवला, 'तुझ्या कामाचं आहे बघ' म्हणून. मेसेज थोडक्यात असा आहे:

'बाहेरच्या वायरिंगला महागड्या पेट्या घेऊन पैसे घालवू नका. जॉइंटला काळी टेप घट्ट गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधली की काम झालं. बोअरची मोटर तर पाण्यातच असते, तिचा जॉइंटही टेपचाच असतो. पेटी बसवली असेल तर चारी बाजूंनी सिलिकॉन भरा, थेंबही आत जाणार नाही. वॉटरप्रूफ लिहिलेली पेटी पुरातसुद्धा चालते. आणि एवढं करून पाणी गेलंच, तर एमसीबी पडतो, घाबरायचं कारण नाही.'

मी मोटर रिवाइंडिंगचं आणि शेतातल्या वायरिंगचं काम करतो. हा मेसेज वाचून मला खरंच भीती वाटली. यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, त्यामुळे लोक विश्वास ठेवतात आणि तसंच करतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पिशवीचं आधी उरकतो. पिशवीचं तोंड वर असतं, तिथं गाठ असते आणि गाठीतून वायर जाते. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या गाठीतूनच आत उतरतं आणि तळाला साठतं. रात्री आतल्या हवेतलं दव धरतं ते वेगळंच. उघडा जॉइंट निदान उन्हात वाळतो, पिशवीतला वाळतच नाही.

काळी टेप म्हणजे पीव्हीसीची टेप. ती बनवलीय हात लागू नये म्हणून, वीज अडवायला. पाणी अडवणं हे तिचं काम नव्हे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, शेवटचा पदर सुटतो, आणि पहिल्या पावसात पाणी पदरांच्या मधे शिरतं. असा जॉइंट सोडवून बघा. वरून टेप धड दिसते, आत तांबं काळं पडलेलं असतं, त्यावर हिरवा कळंक चढलेला असतो, आणि तार बोटानं वाकवली तर काडीसारखी मोडते. अशा तारेतून मोटरीचा करंट गेला की जॉइंट तापतो, तापला की आणखी सुटतो, आणि एका फेजचा जॉइंट तुटला की थ्री फेजची मोटर दोन फेजवर गुरगुरत जळते. माझ्या दुकानात जूननंतर रिवाइंडिंगला येणाऱ्या मोटरींत अशा मोटरी दरवर्षी असतात. दोष वाइंडिंगचा नसतो, बाहेरच्या वीतभर जॉइंटचा असतो.

आता बोअरच्या मोटरीचं. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो खरा आहे. सबमर्सिबलचा जॉइंट आम्ही टेपनंच करतो आणि तो पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतो. पण कसा करतो ते मेसेजमध्ये नाही. केबलचं वरचं आवरण घासून खरखरीत आणि स्वच्छ करायचं, तिन्ही तारांचे जॉइंट एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून मागेपुढे घ्यायचे, फेरूल, म्हणजे तारा जोडायची धातूची नळी, दाबायचा, मग आधी रबराची टेप ताणून, अर्धा पदर अर्ध्यावर चढवत गुंडाळायची. ही रबराची टेप ताणली की स्वतःलाच चिकटते आणि काही वेळानं तिचा एकसंध गोळा होतो. तिच्यावर राखण म्हणून पीव्हीसीची टेप. आणि मुख्य गोष्ट, बोअरमध्ये ऊन नाही. पाण्याचं तापमान बारा महिने जवळजवळ सारखं असतं. तो जॉइंट फुगत नाही, आकसत नाही, वाळत नाही, तडकत नाही. बांधावरचा जॉइंट दुपारी तापतो, संध्याकाळी भिजतो, सकाळी वाळतो. कायम पाण्यात राहणं सोपं आहे. रोज ओलं-सुकं होणं टेपला जास्त जड जातं.

सिलिकॉनच्या मुद्द्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तिथं चांगली काळजी घेणारा माणूसच फसतो.

गेल्या वर्षी वळवाच्या दोन पावसांनंतर सावळजकडच्या एका द्राक्षबागेत गेलो होतो. ठिबकच्या मोटरीचा स्टार्टर लागत नव्हता. पेटी नवीन, जाड प्लास्टिकची, झाकणाला रबर. मालकानं वर भरपूर सिलिकॉन मारलं होतं, झाकणाच्या फटीत, स्क्रूच्या डोक्यांवर, ग्लँडच्या (केबल पेटीत शिरते तिथल्या रबरी बुचाच्या) भोवती. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, ब्लेडनं सिलिकॉन कापलं आणि झाकण ओढलं. आतून चहाच्या रंगाचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. वाटीभर तरी असेल. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, लोखंडाला गंज, टर्मिनलवर हिरवट पांढरी पूड.

'कुठनं शिरलं ओ हे?' मालक विचारत होते. 'मुंगीलापण जागा ठेवली नव्हती मी.'

मुंगीला नव्हती, पण पाण्याला होती. ती अशी. मे महिन्यात उन्हातल्या पेटीच्या आतली हवा सहज ५० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते आणि रबराच्या, ग्लँडच्या बारीक फटींतून थोडी थोडी बाहेर जाते. मग चारच्या सुमाराला वळीव येतो, गार पाणी पेटीवर कोसळतं आणि आतली हवा काही मिनिटांत २५ अंशांवर येते. आकसलेली हवा बाहेरून ओढायला लागते. हिशेब केला तर आतला दाब साडेसात-आठ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे पाऊण मीटर उंच पाण्याचा स्तंभ ओढण्याइतका. आणि नेमकं त्याच वेळी पेटीवर पाणी वाहत असतं. म्हणजे पेटी पाणी पिते. रोज थोडं पिते. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडायला मात्र सिलिकॉननं एकही वाट ठेवलेली नसते. दुपारी त्याची वाफ होते, रात्री झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि ते थेट टर्मिनलवर पडतात.

त्या पेटीत आणखी दोन चुका होत्या. मोटरीची चपटी केबल गोल ग्लँडमधून काढली होती. गोल रबर चपट्या केबलला दोन्ही सपाट बाजूंना धरतच नाही, तिथं डोळ्यांना दिसेल एवढी फट राहते. चपट्या केबलसाठी चपट्या भोकाचं रबर मिळतं, तेच घ्यावं. तीन सुट्या वायरी एका ग्लँडमधून काढल्या तरी तेच होतं. दुसरी चूक, मेनकडून येणारी केबल पेटीच्या डोक्यातून आत घेतली होती. वरून आलेल्या केबलवरचं सगळं पाणी ग्लँडपाशीच येऊन थांबतं. आणि वरच्या टोकाला कुठं आवरण चिरलेलं असेल, तर दिव्याची वात तेल ओढते तसं तारेच्या बारीक काड्यांमधून पाणी केबलच्या पोटातूनच खाली उतरतं. बाहेर कितीही सिलिकॉन फासा, त्या पाण्याला ते दिसतही नाही.

आणि सिलिकॉनचंही सगळं एक नसतं. खिडक्या, सिंक, फिशटँकला वापरतात ते स्वस्तातलं सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास अॅसेटिक अॅसिडचा. बंद पेटीत ते अॅसिड तांब्याला आणि पितळेला खातं. पुड्या बांधल्यासारखं जपून ठेवलेलं टर्मिनल त्यानंच हिरवं पडतं. सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यावं, त्याला आंबट वास नसतो.

मग त्या बागेत काय केलं? पेटी तीच ठेवली. सगळ्या केबली खालून घेतल्या. प्रत्येक केबलला पेटीच्या खाली वीतभर झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढून ग्लँडपर्यंत जात नाही. ग्लँड केबलच्या जाडीचे बसवले. वरची जुनी भोकं प्लगनं बंद केली. पेटीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडलं, बोट जाणार नाही पण पाणी थांबणार नाही एवढं, आणि मुंग्या-पाली शिरू नयेत म्हणून आतून बारीक जाळी लावली. पैसे असतील तर याच कामाचा तयार ब्रीदर-ड्रेन प्लग मिळतो, तो जास्त चांगला. वरून पत्र्याची छपरी केली, चारही बाजूंना चार बोटं बाहेर येईल अशी. छपरीनं पाऊस अडतोच, ऊनही अडतं, त्यामुळे पेटी तापण्याचं आणि पिण्याचं प्रमाणच कमी होतं.

भोक पाडताना मालकांचा जीव वरखाली झाला. वॉटरप्रूफ पेटीला भोक? पटायला अवघड आहे, मान्य. भोक पाडलं की पेटीवरचा आयपीचा आकडा, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा, तसाच राहत नाही, हेही खरं. पण जमिनीवरच्या अनेक मोटरींच्या तळाला कंपनीच पाणी निघायला भोक ठेवते. पाण्याला वाट हवी, फक्त ती खालच्या बाजूला हवी.

आता तो आयपीचा आकडा, म्हणजे 'वॉटरप्रूफ पेटी पुरातही चालते' हा मुद्दा. पेटीवर आयपी आणि पुढं दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे कुठूनही उडालेल्या शिंतोड्यांना पुरेसं. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि नळीनं मारलेल्या पाण्याची धार सोसेल. ६६ म्हणजे त्याहून जोरदार धार. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवली तर चालेल. सततच्या बुडण्यासाठी ६८, आणि तेही कंपनीनं लिहिलेल्या खोलीपर्यंतच. ६७ ची पेटी धारही सोसेल असं गृहीत धरता येत नाही, धारेची चाचणी वेगळी असते. या सगळ्या चाचण्या नव्या पेटीच्या, स्वच्छ पाण्यातल्या. पाच उन्हाळे खाऊन कडक झालेल्या रबराच्या नाहीत.

सांगलीकरांना पूर काय ते सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि कितीतरी दिवस उतरलं नाही. नदीकाठच्या मोटरी, स्टार्टर, केबली गाळाच्या पाण्याखाली पडून होत्या. तिथं ३० मिनिटांच्या आकड्याला काय अर्थ आहे? पाणी चढायला लागलं की वरून सप्लाय बंद करवून स्टार्टर पेटी सोडवून घरी आणायची, तेवढाच उपाय. आणि बुडालेली पेटी किंवा मोटर 'वरून वाळली' म्हणून चालू करू नका. धुऊन, वाळवून, ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, लावून बघा. एक मेगओहमच्या खाली असेल तर तिला सप्लाय द्यायचा नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि जीव जातो तो याच मुद्द्यानं. 'पाणी गेलंच तर एमसीबी पडतो.'

एमसीबी जास्तीच्या करंटला पडतो, वायर जळू नये म्हणून. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या अंगाचा रोध धरा २००० ओहम. २३० व्होल्टला त्याच्यातून जाईल ०.११५ अँपिअर, म्हणजे ११५ मिलीअँपिअर. हृदय बंद पडायला एवढा पुष्कळ झाला. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, एक बल्ब लागला एवढंच त्याला समजतं. 'पण आमच्याकडे आर्थिंग आहे' असं कुणी म्हणेल. मुरमाड जमिनीतल्या कोरड्या आर्थिंगचा रोध २५ ओहम असेल, तर थेट फेज पेटीला चिकटला तरी ९ अँपिअरच वाहतात. १६ चा एमसीबी तरीही जागचा हलत नाही, आणि पत्र्याची पेटी करंट धरून उभी राहते.

हे मी मावशीच्याच अंगणात पाहिलंय. तुळशीजवळच्या बल्बची वायर कपडे वाळत घालायच्या तारेवरून नेली होती, जॉइंट टेपचा. श्रावणात एका सकाळी ओला टॉवेल टाकताना तिच्या हाताला मुंग्या आल्या. चप्पल पायात होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. टेस्टर लावला तर सगळ्या तारेवर तो पेटत होता. एमसीबी शांतपणे वर होता.

यासाठी आरसीसीबी असतो, ३० मिलीअँपिअरचा. जाणारा आणि येणारा करंट तो मोजत असतो, मधे कुठं गळाला की क्षणात तोडतो. घर, अंगण, मांडवाची लायटिंग, सगळ्यावर तो हवाच, एमसीबीच्या जोडीला. 'सारखा पडतो' म्हणून बायपास करणारे खूप भेटतात. तो सारखा पडतोय याचा अर्थ बहुतेक वेळा कुठंतरी करंट गळतोय, ती जागा शोधा.

मावशीकडे त्याच वर्षी बसवला, वायर तारेवरून काढली. परवा तिचा मेसेज आल्यावर फोन केला आणि विचारलं, टेस्टचं बटण दाबतेस का महिन्याला? म्हणाली, तू बसवून गेल्यापासून हात नाही लावला. तसंच फोन धरून ठेवायला सांगितलं आणि दाबायला लावलं. खटकन आवाज मलाही ऐकू आला.

'पडला रे. पंखापण बंद झाला.'

'आता वर कर,' म्हटलं.