एक बटण दाबायला वर्षाचं लायसन

घेतलं चौथं लायसन, डीलरना मेसेज पाठवायच्या सॉफ्टवेअरचं, माणशी एक लागतं ते. काल, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, मालकांच्या कार्डावर, पूर्ण बारा महिन्यांचं. कशासाठी, तर आमच्या डिझाइनवाल्या मुलीला एकदा 'मंजूर' दाबता यावं म्हणून. रात्री झोप लागली नाही, डोकं अजून तापलेलंच आहे.

दसऱ्याआधी हळद पावडरच्या नव्या पाकिटाची स्कीम डीलरना जायची होती. कालच जायला हवी होती, कारण सोमवारच्या गाडीची ऑर्डर लोक रविवारी लिहितात. मेसेज मी तयार केला होता, मालकांनी वाचला होता, यादी लावून झाली होती. ज्यानं मेसेज बनवला त्यानंच तो पाठवायचा नाही, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचा, अशी आमची पद्धत. ती मीच आग्रहानं लावलीय आणि ती बरोबरच आहे. मंजूर करणारा माझा सहकारी मिरजेत, आईला दवाखान्यात घेऊन. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला हळदीच्या स्कीमसाठी मी फोन करणार नाही. म्हणून म्हटलं, डिझाइनवालीला तेवढा रोल, म्हणजे मंजुरीचा अधिकार, देऊ. ती नुसती बघणाऱ्यांत आहे, तिला बटण करडं दिसतं. रोल बदलायला गेले तर उत्तर काय? लायसन शिल्लक नाही, तिन्ही वापरात आहेत.

तिन्ही कुठली? मी आणि माझा सहकारी, झाली दोन!

तिसरं मे महिन्यात पुण्याला गेलेल्या मुलाचं. तो गेला त्याच दिवशी मी त्याला बंद केला होता. यादीत त्याच्या नावापुढे 'निष्क्रिय' असं लिहिलेलं आहे. आणि निष्क्रिय माणूस लायसन अडवून बसलाय, मे पासून! युजर बंद करणं वेगळं आणि त्याचं लायसन काढून घेणं वेगळं. दोन्ही दोन पानांवर, आणि पहिलं काम करताना दुसरं राहिलंय हे सांगायची या सॉफ्टवेअरवाल्यांना गरज वाटली नाही. बरं, ते पान शोधलं. 'काढा' दाबलं. तर म्हणे, 'हे फक्त ओनर करू शकतो, कृपया आपल्या अ‍ॅडमिनशी संपर्क साधा.' अहो, मीच अ‍ॅडमिन आहे! मी कुणाशी संपर्क साधू?

आणि ओनर, म्हणजे खातं ज्याच्या नावावर तो, कोण? तोच मुलगा! सुरुवातीला ट्रायल त्यानं त्याच्या ऑफिसच्या मेलवर घेतली होती, तेव्हापासून तो ओनर. ओनर बदलायचा तर ओटीपी त्याच मेलवर जाणार, आणि तो मेल आम्ही त्याच्या शेवटच्या दिवशी बंद केलेला. मेल पुन्हा उघडून देणारा आमचा कॉम्प्युटरवाला गावाला गेलाय, सोमवारी येणार. पुण्याला फोन लावला. बिचाऱ्यानं गाडी बाजूला घेतली, "ताई, काय करू सांगा" म्हणाला, पासवर्डसुद्धा आठवून दिला. पण ओटीपी तो कुठून आणणार? सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला लिहिलं. आधी यंत्राशी बोला, मग माणूस, मग तिकीट नंबर, मग लेटरहेडवर सही-शिक्का, मग कामाचे तीन दिवस.

आणि चौथं लायसन विकत घ्यायला? ओनर नको, ओटीपी नको, तिकीट नको, लेटरहेड नको. कार्ड आधीच साठवलेलं. अ‍ॅडमिननं एक क्लिक केलं की झालं. कमी करायला ओनर लागतो आणि वाढवायला कुणीही चालतो! ही चूक नाही, कुणीतरी टेबलाशी बसून हे असंच ठरवलंय. मला राग याचा आहे. आणि घेतलेलं लायसन आता नूतनीकरणापर्यंत कमी होणार नाही. वर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, माहीत आहे मला, पण मूळ रक्कम कोण देणार?

एवढं करूनही मुलीचं बटण करडंच. लायसन दिलं तरी रोल वेगळा द्यायचा, आणि रोल दिला तरी तिनं बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं. मेसेज गेला आठ वाजून गेल्यावर. तोवर सांगलीच्या गणपती पेठेत दुकानदार गल्ला मोजायला बसलेले. स्कीम कोण वाचतंय?

माझे वडील मार्केट यार्डात वखारीवर मुनीम होते. माणूस काम सोडून गेला की किल्ली खुंटीला लागायची आणि नवा आला की त्याच्या हातात जायची. किल्ली पेढीची, माणसाची नाही. एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी करतो तेव्हा हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) कंपनीच्याच नावावर लागतात, टेलिकॉम नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांतच तसं आहे. तिथे कंपनी कोण हे कळतं. मग पैसे भरणारी कंपनी या सॉफ्टवेअरवाल्यांना का दिसत नाही?

अकाउंटच्या काकांना महिन्यातून एकदा फक्त खर्चाचा रिपोर्ट बघायचाय. पण नुसता बघणारा रोल दिला की त्यांना डीलरांचे सगळे नंबर दिसतात. फक्त रिपोर्ट दाखवणारा रोल बनवायचा तर वरचा प्लॅन घ्या! कुणाला काय दिसावं हे ठरवणं ही चैन आहे का? ते तर पहिल्या दिवसापासून मिळायला हवं. ज्या डीलरनी आमचे मेसेज घेणं बंद केलंय त्यांनाही हे मोजणीत धरतात आणि त्यांचेही पैसे आमच्याकडून घेतात, ते आणखी वेगळंच.

आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या निम्म्या ऑफिसांत म्हणूनच एका पासवर्डवर चारजण काम करतात. मला ते अजिबात चालत नाही. उद्या चुकीचा दर हजारो डीलरना गेला, तर नोंदीत नाव कुणाचं दिसणार? ज्याचा पासवर्ड त्याचं. पाठवलं भलत्यानंच आणि नोकरी जाणार त्याची. लोकांना या थराला यांचे दर आणतात, आणि वर हेच आपल्याला सुरक्षिततेचे मेल पाठवतात.

रात्री मालकांनी कार्डाचा मेसेज बघून विचारलं, "ताई, नवीन माणूस घेतला का?" मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले. ते जास्त लागलं.

सोमवारी कॉम्प्युटरवाला आला की आधी तो मेल उघडून घेणार, ओनर म्हणून कंपनीचा सामायिक पत्ता लावणार, पुण्याच्या मुलाला मोकळं करणार. मग मे पासूनचे पैसे लेखी परत मागणार. नाही म्हणाले तर मंगळवारी पुन्हा मागणार.